भाई, तुझी दोरीवरची जागा

भाई,

तिठ्यावर तुझा फ्लेक्स लागलाय. फोटोत तू हसतोयस, म्हणजे कुणाच्या तरी लग्नातला असणार. खाली छापलंय, 'शांत, संयमी व मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपले.' तुझं सगळं आटोपून मी ओरोसला गेले होते, आज परत एसटीतून उतरले आणि ते वाचून मी तिथेच उभी राहिले. दुकानाच्या पायरीवर तो म्हातारा बसला होता, ज्याचे पुढचे दात तू वाळूत पाडले होतेस. तोही वर बघत होता. म्हणाला, "शांत म्हणे. आता शांत आसा, ता खरा." आणि मग टॉवेल तोंडावर घेऊन रडायला लागला. ज्याचे दात पाडलेस तोही रडतो, आता बोल.

म्हणून लिहायला बसले. फ्लेक्सवाल्याकडे सगळ्या मेलेल्यांसाठी एकच मजकूर असतो. तुझ्याबद्दल खोटं लिहिलेलं मी चालवून घेणार नाही. तू शांत नव्हतास. तोंडवलीतला सगळ्यांत रागीट माणूस होतास तू. तुझा आवाज चढला की किनाऱ्यावरची कुत्री होडीखाली जायची. आणि तुझी बहीण काय करते? ओरोसला समुपदेशक आहे, शाळांतून आणि कचेऱ्यांतून लोकांना भावनिक बुद्धिमत्ता समजावून सांगते. आपल्याला काय वाटतंय ते ओळखायचं, समोरच्याला काय वाटतंय ते ओळखायचं, आणि दोन्ही ओळखल्यावरच हात किंवा तोंड हलवायचं, एवढंच ते आहे. किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकराची मुलगी, घरातली पहिली पदवीधर. हे मी ताठ मानेने सांगते. तू माझ्याहून ताठ मानेने सांगायचास आणि वर जोडायचास, "आमची मॅडम लोकांका राग कसो आवरूचो ता शिकयता. आणि तिचो भाव कोण? मी." लोक हसायचे. सगळ्यांत मोठ्याने तू.

आबा आपल्याला मारायचे. गावाला माहीत होतं आणि कुणी बोलत नसे, कारण घरोघरी तेच होतं. भिजलेल्या दोरीचा मार कसा असतो ते ज्याने खाल्लाय त्यालाच कळतं. कातडी फुटत नाही, आतून जळते. तू मोठा म्हणून तुझ्या वाट्याला जास्त. तू रडायचा नाहीस, डोळे उघडे ठेवून आबांकडे बघत राहायचास आणि त्यामुळे आणखी खायचास.

मला कणकवलीच्या कॉलेजात प्रवेश मिळाला तो दिवस मी विसरलेले नाही. आबा जेवत होते. म्हणाले, "मासळी इकूक बी.ए. होया काय?" मी म्हणाले, मी मासळी विकणार नाही. एवढंच म्हणाले. त्यांनी ताट भिंतीवर मारलं, कोपऱ्यातलं वल्हं उचललं आणि माझ्या डोक्यावर आणलं. मध्ये तुझा डावा हात आला. सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. आई ओरडली. तू ओरडला नाहीस. उजव्या हाताने ते वल्हं आबांच्या हातातून ओढून घेतलंस आणि त्यांच्यावर उगारलंस, आणि आबा भिंतीला टेकून खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, जसे आपण बसायचो. तू मारलं नाहीस. वल्हं उंबरठ्यावर आपटत राहिलास, त्याचे तुकडे होईपर्यंत. मग म्हणालास, "रेखा कणकवलेक जातली. कोण आडवो येता ता बघतंय."

सकाळी मला एसटीत बसवायला आलास तेव्हा तो हात आईच्या जुन्या लुगड्यात बांधलेला होता. डॉक्टरकडे गेला नाहीस, गावातल्या हाड बसवणाऱ्याकडे गेलास. मनगट वाकडंच जुळलं.

त्या दिवसाचे आभार मी कधी मानले नाहीत. तशी पद्धत आपल्या घरात नव्हती. पण दुसरंही एक सांगितलं नाही, तेही आज सांगते. वल्हं उगारलंस तेव्हा तुझा चेहरा अगदी आबांसारखा झाला होता. मी आबांना कमी घाबरले, तुला जास्त. तू माझ्यासाठी हात मोडून घेतलास आणि मी तुला घाबरले. दोन्ही एकाच मिनिटात झालं. मी वर्गात शिकवते की एका माणसाबद्दल दोन उलट्या भावना एकाच वेळी असू शकतात आणि दोन्ही खऱ्या असतात. हे मला पुस्तकाने शिकवलं असं सगळ्यांना वाटतं.

मग तुझं लग्न झालं. सुनंदावहिनी शिरोड्याची, तिच्या घरात कुणी कुणाला मारत नसे. तिला वाटलं, इथेही तसंच असेल. परेश चालायला लागला होता तेव्हा एकदा जेवण वाढायला उशीर झाला आणि तू तिच्या कानाखाली अशी मारलीस की तिला तो दिवसभर त्या बाजूने ऐकू येत नव्हतं. तिने भांडण केलं नाही. पोराला कडेवर घेतलं आणि शिरोड्याला गेली.

तू माझ्या खोलीवर आलास. दारातच उभा. "तिका सांग, परत ये म्हणान."

मी म्हणाले, "सांगणार नाही."

"तू माझी भयण काय तिची?"

"जिला मारलंस तिची."

तुझ्या हाताची मूठ झाली. मी ती बघितली आणि तूही बघितलीस. मग दाराच्या चौकटीवर ती आपटलीस. तो खड्डा अजून त्या दाराला आहे, घरमालकाला मी सांगितलंय की टेबल आत आणताना लागलं.

मी म्हणाले, "भाई, तुझ्या हाताआधी तोंड चालू दे. राग येतोय ना, तर 'राग येतोय' एवढंच म्हण. शिव्या नको, कारण नको. म्हण आणि बाहेर जा."

"म्हणजे दवंडी पिटू?"

"पीट."

"लोक हसतले."

"हसू देत. आता घाबरतायत, ते बरं आहे का?"

तू थुंकलास आणि निघून गेलास. पण वहिनी परत आली तेव्हा तिचीही एकच अट होती, "फुडच्या वेळेक हात उगारलंस तर मी परत येवचंय नाय," आणि त्यानंतर तू खरोखर दवंडी पिटायला लागलास. घरातून तुझा आवाज यायचा, "सुनंदा, माका राग येता हा. मी भायर जातंय." मग तू मागच्या परसात जायचास आणि माडाच्या बुंध्यावर उजव्या हाताने गुद्दे घालायचास. शेजारी ओरडायचे, "भाईक राग इलो रे, माडाक बँडेज बांधा." तुझ्या छातीच्या उंचीला त्या माडाची साल गुळगुळीत झाली. वहिनी शपथेवर सांगते की त्यानंतर तू तिला कधी हात लावला नाहीस, आणि तिचं मी मानते. माझ्या शिक्षणाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर मी त्याला तो माड दाखवेन.

पण घरातला राग माडावर गेला आणि बाहेरचा माणसांवर पडत राहिला. जेटीवर, मासळीच्या लिलावात, लग्नाच्या मांडवात. ते तू सोडलं नाहीस आणि मी त्यावरून बोलणं सोडलं नाही.

तुझ्याकडेही एक गोष्ट होती जी माझ्या कुठल्या पुस्तकात नव्हती. हे पत्र बाहेरचेही वाचतील, म्हणून ती त्यांना समजेल अशी सांगायला हवी.

रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडीतून ते समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या वाळूवरची माणसं ओढतात. तोंड समुद्राकडे, टाचा वाळूत रोवून, मागे मागे सरत. म्हणजे प्रत्येकाला आपल्या पुढच्या माणसाची पाठ दिसते. सगळ्यांत मागचा वर पोचला की तो दोरी सोडतो, खाली पाण्याकडे चालत जातो आणि सगळ्यांच्या पुढे दोरीला लागतो. आता त्याची पाठ सगळ्यांसमोर. कोण कुठे उभा राहणार ते रापणीचा म्होरक्या, म्हणजे तांडेल, ठरवतो, आणि आपल्या रापणीचा नियम असा की भांडलेल्या दोघांना तांडेल एकाच दोरीवर एकामागे एक घालतो. ज्याच्यावर राग आहे तो पुढे, ज्याला राग आलाय तो मागे. जाळं वर येईपर्यंत कुणी हा क्रम बदलायचा नाही.

हा नियम तुझ्याआधीचा. तू आणि इनास सातवीपर्यंत एका बाकावर बसलात, एका दिवशी शाळा सोडलीत, एका दिवशी दोरीला लागलात, आणि पहिल्याच मोसमात कसल्याशा मस्करीवरून एकमेकांची डोकी फोडलीत. जुन्या तांडेलांनी रक्त पुसायलाही वेळ दिला नाही. इनास पुढे, तू मागे. हे तू मला कितीदा सांगितलंस. "आधी वाटला, हयसरच मान मोडतंय. मगे बघीत रवलंय. घामान भिजलली मान, केस चिकाटलले, गळ्यातली क्रूसाची माळ हयसून थयसर हलता. आणि तो ओढता तेव्हा माझा वजन कमी होता. गो, राग तोंडाक बघून येता. मानेक बघून येणा नाय. मानेक डोळे खंय असतत?"

मग तुझी खाली जायची पाळी आली. "आता त्येका माझी मान दिसाची होती. भिती वाटली. पण गेलंय. नाय गेलंय तर दोरी थांबता."

तू तांडेल झाल्यावर हा नियम तू कुणालाही माफ केला नाहीस. सख्खे भाऊ, सासरा-जावई, दोन पक्षांचे कार्यकर्ते, सगळ्यांना दोरीवर घातलंस. मिटायचंच असं नाही. काही तसेच रागाने घरी गेले. पण त्या दिवशी कुणी कुणाला मारलं नाही. मी म्हणायचे, भाई, यालाच आम्ही सहानुभूती म्हणतो. तू म्हणायचास, "तुमी नाव ठेवा, आमी दोरी ओढतंव."

इनासने रापण सोडली आणि मोठ्या मशीनच्या बोटीवर गेला. दोरीवर मिळत नव्हतं ते तिथे मिळत होतं, आणि त्याच्या घरी खाणारी तोंडं होती. पण त्या बोटी अंगावर दिवे लावून आपल्या किनाऱ्याजवळ येतात आणि पिल्लासकट सगळं उपसून नेतात. तुझ्या दृष्टीने तो मेला होता. जेटीवर तू त्याचं नाक फोडलंस. त्याने हात उचलला नाही.

शिमग्यात मी घरी आले होते तेव्हाचं आपलं भांडण अर्धवट आहे. मी म्हणाले होते, अर्ज करा, अधिकाऱ्यांकडे जा, कायदा आपल्या बाजूने आहे. तू म्हणालास, "कागद समुद्रात भिजता गो. आमी मारूक नसतो तर ह्यो दर्यो कवाच त्यांचो झालो असतो. सगळोच राग वायट नसता. तुझ्या त्या वर्गात ह्या शिकयतंस काय?"

मी म्हणाले, "शिकवते. राग वाईट नसतो, हात वाईट असतो."

"हात नसलेलो राग म्हणजे भजन."

"आणि मारून तरी दर्या तुझा राहिला का?"

तू म्हणालास, "रेखा, माका राग येता हा," आणि माडाकडे गेलास. मी जिंकले नव्हते, भाई. तुला त्या दिवशी उत्तर सुचलं नाही, एवढंच. अजून मला वाटतं की अर्धं तू बरोबर होतास, आणि कुठलं अर्धं ते ठरवायच्या आत तू गेलास.

माडाकडून परत आलास तेव्हा डावा हात चोळत होतास. मी विचारलं, "दुखता?" तू म्हणालास, "आबाचा वल्हा दुखता. पावसाळ्यात दुखताच." मी म्हणाले, शिमग्यात कसला पावसाळा? म्हणालास, "त्येका म्हयनो कळना नाय." आपण दोघं हसलो. ते मनगट नव्हतं, हे आता डॉक्टरांनी सांगितलंय. दंडातून येणारी ती कळ छातीची होती. आबांनी एकदा मारलं आणि तू त्या एका माराच्या नावावर पुढचं सगळं दुखणं घातलंस. मी स्वतःला बोल लावत नाही. मला लोकांचं मन वाचायला शिकवलंय, छाती नाही. पण आबांवर मला पुन्हा राग आला, ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी.

तू गेलास त्या सकाळी रापण पाण्यात होती. मोठी बोट जाळ्यावरून गेली आणि एका बाजूची दोरी तुटून अर्धं जाळं फाटलं. मी घरी होते, चहा घेऊन खाली आले होते, म्हणून सगळं बघितलं. थोड्या वेळाने बोटीवरची छोटी होडी किनाऱ्याला लागली आणि इनास एकटाच उतरला. का उतरला, माहीत नव्हतं. पोरांनी त्याला बोलूच दिलं नाही. परेश सगळ्यांत पुढे. त्याने धावत जाऊन इनासच्या पोटात लाथ घातली. तो गुडघ्यावर आला तसे बाकीचे तुटून पडले. तोंडातून रक्त, डोळा बंद झालेला, वाळू तोंडात. कुणीतरी दगड उचलला. मी ओरडत होते, ऐकत कोण?

तू वल्हं घेऊन आलास. पोरं बाजूला झाली. त्यांना वाटलं, आता तांडेल संपवणार. एका जाणत्याने परेशला मागून गळ्यात हात घालून ओढून धरलं, तो झटापट करत होता, त्याचं तोंड दुसरीकडे होतं. हे लक्षात ठेव, पुढचं सगळं यावर आहे. तू वल्हं डोक्यावर उगारलंस. इनासने वर बघितलं आणि मग मान खाली घातली. तुझ्यासमोर त्याची मान आली. ओली, वाळू लागलेली, माळ बाजूला सरकलेली.

आणि तू म्हणालास, "माका राग येता हा."

घरातलं ते वाक्य, आख्ख्या किनाऱ्यासमोर. कुणी हसलं नाही. तू वल्हं वाळूवर ठेवलंस. टाकलं नाहीस, ठेवलंस, वाकून. आणि तसाच खाली बसलास आणि कलंडलास. इनास रांगत आला. त्याने तुझ्या छातीवर दोन्ही तळवे टेकले आणि दाबायला लागला, बोटीवर कधीतरी शिकवलेलं असेल. परेश सुटून वळला तेव्हा त्याला हेच दिसलं, बाप वाळूवर पडलेला आणि इनास त्याच्या छातीवर.

डॉक्टर म्हणाले, हृदय. परेश म्हणाला, "छातयेर बसल्यार हृदय थांबतलाच."

दिवसकार्य होईपर्यंत तो परसात बसून कोयत्याला धार लावायचा. लावलेल्या धारेला पुन्हा धार. वहिनी मला म्हणाली, "रेखा, इनास घराभायर पडलो की ह्यो त्येका कापतलो. बापूस गेलो, आता झिल तुरुंगात जातलो. तुझा ता शिकाप काढ भायर."

मी परेशसमोर जाऊन बसले. जे मी बघितलं ते सांगितलं. त्याने पितळेची कळशी उचलून भिंतीवर मारली. "खोटा सांगतंस तू. तुका भांडाण नको असता म्हणान सांगतंस." मी त्याच्या हाताला हात लावला तर त्याने माझं मनगट पिरगळलं, आणि भाई, त्याचा चेहरा तुझ्यासारखा झाला. आणि तुझ्या मागे आबा. मला कळ आली पण मी हात सोडवला नाही. म्हणाले, "राग येता म्हण. तुझो बापूस म्हणायचो तसा म्हण."

"माका राग येणा नाय," तो ओरडला. "माका बापूस होयो."

बस. माझं मनगट सोडून तो भिंतीला टेकून बसला. रागाखाली काय आहे ते बघा, असं मी किती वर्षं लोकांना सांगतेय. दर वेळी फळ्यावर लिहून सांगते. ते असं समोर बसलेलं पहिल्यांदा बघितलं.

पण कोयता त्याने खाली ठेवला नाही. तेव्हा वहिनी दारातून बोलली, अगदी साध्या आवाजात, "त्येका दोरयेर घाला. ह्यांनी सगळ्यांका घातल्यानी. ह्येका कित्या नाय?"

परेश म्हणाला, "मी कोयतो घेऊन येतलंय."

"ये," ती म्हणाली.

इनासकडे मी गेले. एक डोळा अजून सुजलेला, बरगड्या बांधलेल्या. त्याने मला खुर्ची दिली, स्वतः उभा राहिला. मी विचारलं, त्या दिवशी कशाला उतरलास? म्हणाला, "जाळा फाटला ता माझ्या डोळ्यांफुडे फाटला. सांगूक इललंय की मी बोट सोडतंय. भाईक सांगूचा होता, दुसऱ्या कोणाक नाय."

मी रापणीचं सांगितलं.

"परेशाफुडे उभो रव म्हणतंस? पाठ दाखवन?"

"होय."

"तो कोयतो घेऊन येतलो."

"येतलो."

त्याने बरगड्यांवरची पट्टी ओढून घट्ट केली. मग म्हणाला, "भाईन माका एवढो मारल्यान. पण दोरयेर कधी मारूक नाय. जागा खंयची?"

एक सांगते, भाई. हे मी कुठल्या वर्गात कुणाला करायला सांगणार नाही. चिडलेल्या माणसासमोर दुसऱ्याची मान ठेवा, असा सल्ला देणाऱ्या समुपदेशकाला घरी बसवायला हवं. पण परेश माझ्या वर्गात बसणारा नव्हता. तो तुझ्या दोरीवर वाढलेला होता.

फाटलेलं जाळं शिवून पहिली रापण लागली. बायका सहसा वर मासळीच्या टोपल्यांपाशी असतात. त्या दिवशी वहिनी आणि मी अगदी दोरीजवळ उभ्या होतो, कुणी हटकलं नाही. तुझ्या जागेवर परेश, त्याच्या कमरेला मागे कोयता. इनास आला, कुणाकडे बघितलं नाही, परेशच्या पुढे दोरी धरली. सुरुवातीला परेश ओढतच नव्हता, दोरी नुसती त्याच्या हातातून सरकत होती. त्याचे डोळे इनासच्या मानेवर. पुढून कोणीतरी ओरडलं, "मागे कोण झोपलो रे?" कुणी हसलं, आणि मध्येच थांबलं. इनास बरगड्या बांधलेल्या अवस्थेत ओढत होता आणि प्रत्येक ओढीला त्याच्या तोंडातून आवाज निघत होता. मी परेशच्या उजव्या हाताकडे बघत होते. तो एकदा दोरीवरून सुटला. कमरेकडे गेला. वहिनीने माझा दंड एवढा आवळला की वळ उठले. मग इनासचा पाय वाळूत घसरला, दोरीचं सगळं वजन मागे आलं आणि परेशने दोन्ही हातांनी दोरी धरली. धरावीच लागते. त्यानंतर तो ओढत राहिला.

वर पोचला. सगळ्यांत मागे तोच. आता सोडायचं आणि खाली जायचं. तो उभाच. दोरी थांबली. समुद्रात जाळं थांबलं. सगळे थांबले.

परेश दोरी सोडून इनासच्या बाजूने चालायला लागला. त्याच्यापाशी क्षणभर थांबला. मग पुढे गेला, सगळ्यांच्या पुढे, पाण्यात घोट्यापर्यंत, आणि दोरीला लागला. त्याची पाठ आमच्याकडे. पाठीवर कोयता, सगळ्यांना दिसेल असा. काही ओढींनंतर इनास वर पोचला, दोरी सोडून खाली निघाला. तो परेशच्या मागून चालत आला, अगदी मागून, हात लांब केला तर कोयता मुठीत येईल इतक्या जवळून. परेशला पावलं ऐकू आलीच असणार. त्याने मागे वळून बघितलं नाही. दोरीवरचा हात थोडा मागे घेतला आणि पुढे एकाला उभं राहता येईल एवढी जागा केली.

मासळी विशेष नव्हती. तारली, थोडा बांगडा. इनासला त्याचा वाटा मिळाला, त्याने नाही म्हटलं नाही. परेश त्याच्याशी बोलला नाही, अजून बोलत नाही. फ्लेक्सवर छापता येईल असं काही घडलं नाही.

घरी आल्यावर वहिनीने वाढलं. परेशने ताटाकडे बघितलं, दोन घास घेतले, आणि त्याचा श्वास चढायला लागला. मला वाटलं, आता ताट भिंतीवर जाणार. वहिनी उठून उभी राहिली. पण तो हात धुवायला गेला आणि तिथूनच, आमच्याकडे पाठ करून म्हणाला, "आये, माका राग येता हा. मी भायर जातंय."

माडावर गुद्दे पडायला लागले. तो तुझ्याहून उंच आहे, म्हणून तुझ्या गुळगुळीत जागेच्या वर, नव्या सालीवर मारत होता. साल अजून खरबरीत आहे तिथे, हात फुटला असणार. शेजारून कुणी काही ओरडलं नाही. मग गुद्दे थांबले आणि दुसरा आवाज यायला लागला, जो तुझा त्या परसातून आम्ही कधी ऐकला नव्हता. तूही रडायचास का रे, नुसता मोठ्याने मारायचास म्हणून ऐकू यायचं नाही?

मी उठायला लागले. वहिनीने मला बसवलं.

"रव," ती म्हणाली. "माड आसा थयसर."